गुरू उकळतोय? आधी गच्ची सोडा
भाऊ, जळगावात गच्चीवरून सहा इंची डॉब्सोनियनमधून (साध्या लाकडी बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीतून) गुरू ग्रह उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो म्हणालात. आरशाला दोष देण्याआधी जागा बदलून बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्या गरम हवेमुळे प्रतिमा थरथरते, आणि आपल्या खान्देशातलं ऊन काय सांगायचं! दुर्बीण मोकळ्या मातीवर मांडा, अर्धा-पाऊण तास आरसा निवू द्या. आरशाचं नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी असेल तर २५ मिमीच्या आयपीसने, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाने, ४८ पट मोठं दिसतं. १० मिमीचा आयपीस आणखी मोठं दाखवतो, तो हवा स्थिर असली तरच लावा. फोटोसाठी आयपीसला मोबाईल लावून मिनिटभर व्हिडिओ घ्या, मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या फ्रेम एकत्र करा. पाणी भरलेली केळीची बाग मात्र टाळा, थंडीत आयपीसवर दव धरतं. आकाशगंगेसाठी सरळ नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ गाठा, अमावस्येच्या आसपास.