फ्लोरिड्सडॉर्फचे तीन अधिकारी

प्रश्न : नाझी राजवटीला विरोध करून मृत्युदंड भोगलेल्या सैनिकांची चर्चा बहुधा श्टाउफेनबेर्ग आणि हिटलरला ठार मारण्याच्या त्यांच्या २० जुलै १९४४ च्या कटापाशीच थांबते. ८ एप्रिल १९४५ रोजी व्हिएन्नाच्या फ्लोरिड्सडॉर्फ भागात जाहीर फाशी दिलेल्या बीडरमान, हूथ आणि राश्के यांचे स्मरण तेथे कसे केले जाते?

प्रतिसाद १ : शहराची राखरांगोळी न होता ते सोव्हिएत सैन्याच्या हाती जावे, यासाठी मेजर कार्ल सोकोल यांनी आखलेल्या बेतात हे तिघे सामील होते. बेत फुटला आणि बोल्शेव्हिकांशी संधान बांधल्याच्या पाट्या गळ्यात अडकवून त्यांना फ्लोरिड्सडॉर्फमधल्या आम श्पिट्झ या चौकात भरवस्तीत लटकवण्यात आले. अवघ्या पाच दिवसांनी, १३ एप्रिलला, व्हिएन्ना पडले. सोकोल निसटले आणि २००४ पर्यंत जगले. फाशीच्या जागी स्मृतिफलक आहे. शिवाय १९६७ पासून शहरातील एक लष्करी बराक तिघांच्या नावाने ओळखली जाते.

प्रतिसाद २ : अधिकाऱ्यांना निदान बराक तरी मिळाली, साध्या शिपाईगड्यांच्या वाट्याला उपेक्षाच आली. लिथुआनियातील विल्नियसमध्ये ज्यूंना वाचवणारा व्हिएन्नाचा फेल्डवेबेल (सार्जंट) आंतोन श्मिड १३ एप्रिल १९४२ रोजी गोळ्या घालून मारला गेला. जर्मनीने २००० साली रेन्ड्सबुर्गच्या बराकीला त्याचे नाव दिले, तर ऑस्ट्रियाने व्हिएन्नातील रोसाउअर बराकीला त्याचे आणि बेर्नार्डिस यांचे नाव देण्यासाठी २०२० उजाडू दिले, हे मला तरी खटकते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. बेर्नार्डिस हे २० जुलैच्या कटातलेच ना?

प्रतिसाद २ : होय. ८ ऑगस्ट १९४४ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्यांना फाशी दिली.