मदत हवी आहे : १६ जणांच्या पंगतीचा पावसाळी मेनू कसा बसवावा?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी. बेळगावात १६ जण बसतील एवढंच हॉटेल आहे. रात्री एकच पंगत, सहा पदार्थ, माल सगळा खानापूर-बेळगाव पट्ट्यातला. जुलैत दोन अडचणी येतात. बांबूचे कोंब कडू लागतात, आणि अळंबी ठरल्या दिवशी येत नाही, मग छापलेला मेनू खोटा पडतो. कोंब सोलून अख्खे रात्रभर भिजवतो, कुकरला तीन शिट्ट्या देतो. कुठे चुकतंय?

चुलीपाशी :
कुकर आधी बंद करा. कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं रसायन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. ते वाफेबरोबर निघून जायला भांडं उघडं हवं. प्रश्न नुसत्या चवीचा नाही. अख्खा कोंब भिजवला तर पाणी आत पोचतच नाही. पातळ चकत्या करून दोन दिवस भिजवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. मग भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, २०–२५ मिनिटं उकळून पाणी ओतून द्या. शेंड्याकडचा भाग जास्त कडू असतो, त्याच्या चकत्या वेगळ्या उकळा. त्यानंतरही कडू लागल्या तर नव्या पाण्यात पुन्हा.
मालाचा हिशेब : किलोभर कोंब सोलला की ३०० ग्रॅमच्या आसपास हाती लागतो. पानाला ५० ग्रॅम धरले तर १६ पानांना ८०० ग्रॅम, म्हणजे पावणेतीन किलो आणायला हवेत. आणि ते दोन दिवस आधी.

शिवारकर :
अळंबीचं नाव मेनूत छापूच नका. ती पावसाच्या मर्जीवर उगवते. पदार्थाची फक्त जागा ठरवा, माल हातात आल्यावर दुपारी फळ्यावर नाव लिहा. त्याच मसाल्यात बसणारा पर्याय तयार ठेवा : उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. रात्रभर भिजवून, उकडून, साल काढून घ्या.
अळंबी ओळखीच्या, जाणत्या माणसाकडूनच घ्या. चांदीचा चमचा किंवा लसूण काळी पडते का बघणं, या परीक्षा खोट्या आहेत. विषारी अळंबीतही काहीच काळं पडत नाही. शंका आली तर अख्खी पाटी परत करा, निवडत बसू नका. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून चिकट होते. वेताच्या पाटीत पसरून ठेवा, शिजवायच्या आधीच धुवा, त्याच दिवशी संपवा.

धागाकर्ता :
आभारी आहे. उकडलेले कोंब किती दिवस चालतील?

चुलीपाशी :
फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून, पाणी रोज बदलून तीन दिवस. जास्त हवे असतील तर लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवा, तेही फ्रिजमध्येच. चकत्या वर तरंगू देऊ नका, वरून बशी दाबा. वापरायच्या आधी साध्या पाण्यात तास-दोन तास ठेवून खारटपणा काढा, आणि त्या दिवशी आमटीत मीठ शेवटी, चाखूनच घाला.