गुरांच्या औषधांचं शंभर वर्षं जुनं पुस्तक पुन्हा छापावं का?

फडताळ:
आजोळचं घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत गुरांच्या आजारांवरचं एक मराठी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठ गेलंय, सुरुवातीची चार पानं गेलीत, शिवण कुजलीय. प्रस्तावनेखाली लेखकाचं नाव आणि १९२४ साल, एवढंच शिल्लक. पोटफुगी, फऱ्या, घटसर्प, बुळकांडी अशी प्रकरणं आहेत. पण निम्मं पुस्तक औषधांवर नाहीच, दुखणं ओळखायचं कसं यावर आहे. बैल गव्हाणीशी उभा आहे पण वैरणीला तोंड लावत नाही, नाकपुडी कोरडी, रवंथ थांबलेलं. तिथेच समासात पणजोबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'ढवळ्यास दिले. तिसरे दिवशी रवंथ सुरू.'

मला हे पुन्हा छापायचंय. दोनशे प्रती, पूर्वनोंदणी घेऊन. डिजिटल छपाईमुळे आता शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. मोठा प्रकाशक अशा पुस्तकाला हात लावणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही. हे काम लहान माणसांनीच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुमची मतं सांगा.

पानगळ:
माझा विरोध आहे. नीट स्कॅन करा आणि आंतरजालावर सगळ्यांना फुकट द्या. दोनशे प्रती दोनशे कपाटांत जातील, स्कॅन कोल्हापुरातही उघडेल आणि न्यू जर्सीतही. आज चांगली लिहिणारी मुलं पदरचे पैसे घालून पहिला कवितासंग्रह काढताहेत. तुमच्याकडे उमेद आणि पैसे आहेत तर त्यातल्या एकाचं पुस्तक काढा ना. मेलेल्या पुस्तकापेक्षा जिवंत माणसाला गरज जास्त आहे.

मुद्रितशोधक:
पानगळ, स्कॅन हवाच, पण तो पुरत नाही. पुसट खिळ्यांची जुनी छपाई संगणकाला धड वाचता येत नाही, त्यामुळे त्यात शब्द शोधता येत नाही. आणि कोणीतरी 'हे वाचा' म्हणून हातात दिल्याशिवाय पुस्तक वाचलं जात नाही. ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. फुल्यांनी त्याची बाजू घेतली होती, तरी पुढे ते जवळजवळ विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं, म्हणून आज ते अभ्यासक्रमात आहे, अनुवादात आहे. तेव्हाही कोणी म्हणालं असतं की नव्या लेखिकेला छापा, तर?

पानगळ:
ताराबाईंचं पुस्तक आणि गुरांच्या औषधांचं पुस्तक एका तागडीत घालता येणार नाहीत. मालशे यांनी निवड केली होती. 'जुनं आहे' ही निवड नव्हे. शंभर वर्षांपूर्वीही वाईट पुस्तकं निघत होतीच.

गोठा:
मी पशुवैद्य आहे, वीस वर्षं खेड्यात काम करतोय. माझी हरकत वेगळी आहे. अशा पुस्तकांत मापं तोळ्या-शेरात असतात. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या वर, आणि शेर तर प्रांतोप्रांती वेगळा. मोरचूद (तांब्याचं विषारी निळं मीठ) दिलेलं असेल आणि कोणी ते मेंढीला अंदाजानं पाजलं, तर मेंढी हातची जाईल. पोटफुगीवर तेल पाजतात, ते श्वासनलिकेत गेलं तर जनावर दगावतं. लोक 'जुन्या ग्रंथात आहे' म्हटलं की डोळे मिटून विश्वास ठेवतात. टिपांशिवाय छापणार असाल तर कृपा करून छापू नका.

एक विनंती मात्र आहे. बुळकांडीच्या प्रकरणाचे फोटो पाठवाल का? हा रोग २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. मी एकही जनावर त्यानं आजारी पडलेलं पाहिलेलं नाही. डोळ्यांनी पाहून मराठीत लिहिलेलं वर्णन मला हवंय.

वाचनालयवाली ताई:
मी तालुक्याच्या वाचनालयात आहे. पुनर्मुद्रणं विकत घेऊन पस्तावलेय. एका पुस्तकात दोन फर्मे, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचे गठ्ठे, उलटे शिवलेले, मूळ आवृत्तीचं साल नाही, कुठल्या प्रतीवरून छापलं त्याचा पत्ता नाही. त्यापेक्षा न छापलेलं बरं.

दुसरं, मजकुराला हात लावू नका. गोडसे भटजींचा १८५७ च्या काळातला 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापताना सुधारला, गाळला. मूळ पाठ द. वा. पोतदारांनी हस्तलिखितावरून दिला तो १९६६ साली. मधली साठ वर्षं लोक वैद्यांनी दुरुस्त केलेले गोडसे वाचत राहिले. तुमच्या पुस्तकात 'कांहीं', 'त्यानें' असं असणार. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी गेलेले ते अनुस्वार तसेच राहू द्या.

आणि लेखक वारले कधी? पुस्तकाचा कॉपीराइट हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. छापलं १९२४ साली, पण लेखक १९७० पर्यंत जगले असतील तर वारसांची परवानगी लागेल. वारस सापडलेच नाहीत तर परवाना मागायची सोय २०१२ च्या दुरुस्तीनं झालीय, पण आधी वर्तमानपत्रात जाहीर प्रस्ताव द्यावा लागतो. नाव आहे ना? मग दाते सूची, म्हणजे शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडा, तिच्या पहिल्या भागात १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत. प्रकाशक कळला की गाव कळेल.

फडताळ:
ताई, सूची उद्याच बघतो. गोठासाहेब, फोटो रात्री पाठवतो. टिपा तुम्हीच लिहाल का? प्रत्येक औषधाखाली, त्याच पानावर. शेवटी परिशिष्टात टाकल्या तर कोणी बघणार नाही. अनुस्वारांचं मात्र अजून ठरत नाही. माझा मामेभाऊ गाई पाळतो, त्याला दोन पानं वाचायला दिली तर तो अडखळला. त्याच्यापर्यंत पोचलं नाही तर मी कोणासाठी छापतोय?

पानगळ, स्कॅन तर ठेवणारच, फुकट.

पानगळ:
माझं मत तेच आहे. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदीही छापणार आहात का?

फडताळ:
हो. जिथे आहेत तिथेच, पणजोबांच्या अक्षरात.

पानगळ:
मग एक प्रत माझ्या नावावर लिहा.