आयजीएफ-१ कमी, रक्तदाब जास्त: याचा वंशाशी संबंध आहे का?

तिलकनगरकर (प्रश्न):
माझे वय ४७, वजन ७१ किलो, उंची ५ फूट ६ इंच आणि कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटर आहे. गेले काही महिने रक्तदाब १४२/९० च्या आसपास येतो. इंदूरच्या एका प्रयोगशाळेत तपासण्यांचे पॅकेज घेतले, त्यात न मागताच आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या प्रभावाखाली शरीरात तयार होणारे संप्रेरक) मोजले गेले आणि ते माझ्या वयाच्या मर्यादेहून किंचित कमी निघाले. माझे चुलत दादा लेस्टरला असतात. वय ५२. त्यांना रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झाले, तर त्यांच्याच वयाच्या, जमैकन वंशाच्या सहकाऱ्याला अ‍ॅम्लोडिपिन. कुटुंबाचे मूळ पाहून औषध निवडतो, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. यावरून वाटते की निरनिराळ्या वंशांच्या पुरुषांत ग्रोथ हार्मोन निराळे असते आणि रक्तदाबाचे मूळ तिथेच असावे. व्यायामशाळेतील प्रशिक्षक तर ग्रोथ हार्मोनची इंजेक्शने घ्या, दोन्ही प्रश्न सुटतील, असे म्हणतात. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पलासिया_शरीरक्रिया:
आधी त्या अहवालाविषयी. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ग्रोथ हार्मोन दिवसभरात थांबून थांबून, आणि सर्वांत मोठ्या प्रमाणात गाढ झोपेत सोडते, त्यामुळे एखाद्या वेळी घेतलेल्या रक्तात ते मोजून फारसे काही कळत नाही. म्हणून त्याच्या प्रभावाखाली यकृतात तयार होणारे, दिवसभर बऱ्यापैकी स्थिर राहणारे आयजीएफ-१ मोजतात. मात्र तेही वयानुसार घटते, आणि अपुरा आहार, यकृताचे विकार, थायरॉइडची कमतरता किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळेही कमी येते. खरी कमतरता आहे की नाही हे ठरवण्यासाठी रुग्णालयात देखरेखीखाली उत्तेजन चाचणी, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती सुटते ते पाहणारी चाचणी, करावी लागते. पॅकेजमधील एका आकड्यावरून तसे निदान कोणीही करू नये.

रक्तदाबाशी नाते आहे, पण ते सरळ नाही. ग्रोथ हार्मोनमुळे मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरून ठेवते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, आणि या वाटेने दाब वाढतो. उलट आयजीएफ-१ रक्तवाहिनीच्या आतल्या थराकडून नायट्रिक ऑक्साइड सोडवून घेते, त्यामुळे वाहिनी सैलावते. अ‍ॅक्रोमेगॅलीत, म्हणजे पीयूषिकेतील गाठीमुळे प्रौढपणी ग्रोथ हार्मोन अतोनात वाढून हात, पाय, जबडा मोठे होऊ लागतात त्या आजारात, सुमारे एक तृतीयांश रुग्णांना उच्च रक्तदाब असतो. ज्यांच्यात हे हार्मोन खरोखरच कमी असते त्यांच्या पोटावर चरबी साठते आणि त्यांचाही हृदयविकाराचा धोका वाढतो. दोन्ही टोके वाईट असताना आपल्या किंचित कमी आकड्यावर रक्तदाबाचे खापर फोडणे मला पटत नाही.

इंजेक्शन घेऊ नका. अंगात पाणी साठणे, मनगटातील नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येणे, साखर वाढणे हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत, आणि पहिला दुष्परिणाम तर रक्तदाबाच्या रुग्णाला मुळीच परवडणारा नाही.

रामबागेतला_वाचक:
दादांच्या औषधाचे कोडे ग्रोथ हार्मोनने सुटणार नाही, रेनिनने, म्हणजे मूत्रपिंडातून सुटून रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणाऱ्या द्रव्याने, सुटेल. आफ्रिकी मूळ असलेल्या रुग्णांत रेनिन कमी आणि मिठाची संवेदनशीलता जास्त असे चित्र सरासरीने अधिक आढळते, आणि रामिप्रिलसारखी औषधे रेनिनच्याच साखळीवर काम करतात. २००२ च्या ‘ऑलहॅट’ या मोठ्या अमेरिकी चाचणीतही कृष्णवर्णीय रुग्णांत रामिप्रिलच्याच गटातले लिसिनोप्रिल मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधाच्या तुलनेत कमी पडले. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच आफ्रिकी किंवा कॅरिबियन आफ्रिकी मूळ असलेल्यांना अ‍ॅम्लोडिपिनच्या गटापासून सुरुवात करायला सांगतात. इतरांसाठी, आपणही त्यात आलो, वयाची ५५ ही रेषा आहे: त्याआधी रामिप्रिलचा गट, त्यानंतर अ‍ॅम्लोडिपिनचा; आणि टाइप २ मधुमेह असेल तर मूळ व वय न पाहता रामिप्रिलचाच गट.

तरीही ‘वंश’ हे कारण समजू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १९९७ साली रिचर्ड कूपर यांच्या गटाने पश्चिम आफ्रिका, कॅरिबियन बेटे आणि अमेरिका येथील, मूळ एकच असलेल्या लोकांचा रक्तदाब एकाच पद्धतीने मोजला, तेव्हा उच्च रक्तदाबाचे प्रमाण अनुक्रमे १६, २६ आणि ३३ टक्के निघाले. पूर्वज तेच होते. वजन, मीठ आणि राहणीमान बदलत गेले.

आपल्या लोकांबाबत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे काम पाहावे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हे दोन माणसांचेच उदाहरण, परंतु भारतीय पुरुष बारीक दिसूनही पोटात चरबी बाळगतो, हे पुढे-मागे अनेकदा दिसले आहे. म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर ठरली. आपल्या सगळ्या आकड्यांत मला खटकला तो ९६. पोटावरची चरबी ग्रोथ हार्मोनचा स्राव स्वतःच दाबते, तेव्हा कारण आणि परिणाम आपण उलट धरलेले असण्याची शक्यता बरीच आहे.

तिलकनगरकर:
दोघांचे मनःपूर्वक आभार. मग भारतीयांसाठी अमुकच औषध चांगले, असे काही आहे का? आणि सकाळचे पोहे-शेव सोडावे लागतील का?

पलासिया_शरीरक्रिया:
दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या भारतीय रुग्णांत पडताळणाऱ्या ‘टॉपस्पिन’ चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. तिन्ही जोड्या जवळपास सारख्याच परिणामकारक ठरल्या. औषध लागेल की नाही हे आपले डॉक्टर ठरवतील. पोहे खुशाल खा. शेव मात्र चिमूटभरच घ्या, कारण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सुचवते आणि इंदुरी न्याहारीत त्यातले बरेचसे शेवेतूनच पोटात जाते.

घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा रक्तदाब मोजा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर तोच कागद डॉक्टरांना दाखवा. यंत्र दंडावरचे घ्या, मनगटावरचे नको, आणि पट्टा आपल्या दंडाच्या घेराला पुरतो ना, हे दुकानातच बांधून पाहा.