लिफ्टच्या पत्रातलं एक वाक्य

सेक्रेटरी: लिफ्टच्या कंपनीला इंग्रजीत पत्र जातंय. शेवटचं वाक्य बघा: 'बाय एनी स्ट्रेच ऑफ इमॅजिनेशन, धिस इज सॅटिस्फॅक्टरी सर्व्हिस.' दुपारी मेल टाकतो.

बी ३०४: जोरदार 👏

ए १०२: साहेब, जरा थांबा. यात नकार कुठंय? 'बाय एनी स्ट्रेच', म्हणजे कल्पना कितीही ताणली तरी, हे बहुतेक वेळा 'नॉट'सोबत येतं. आत्ता वाचलं तर आपण शाबासकी देतोय असं वाटेल. 'धिस इज नॉट सॅटिस्फॅक्टरी सर्व्हिस बाय एनी स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन' असं करा.

सेक्रेटरी: 'नॉट बाय नो स्ट्रेच' केलं तर? जोर येईल.

ए १०२: जोर नाही, घोटाळा होईल 🙂 'नो' घेतलंत तर 'नॉट' काढा. आणि 'बाय नो स्ट्रेच'ने सुरुवात केलीत तर कर्त्याआधी सहायक क्रियापद येतं: 'बाय नो स्ट्रेच ऑफ द इमॅजिनेशन कॅन धिस बी कॉल्ड सॅटिस्फॅक्टरी सर्व्हिस.' रचना प्रश्नासारखी दिसते, तरी शेवटी पूर्णविरामच.

सी ५०१: 'द' लागतोच का? बऱ्याच ठिकाणी त्याच्याशिवाय दिसतं.

ए १०२: दिसतं खरं, अर्थही कळतो. पण शब्दकोशांत 'द'सकट आहे आणि औपचारिक पत्रात तोच ठेवावा. 'माय इमॅजिनेशन' इथे नको, ते 'फिगमेंट'ला शोभतं. 'फिगमेंट ऑफ माय इमॅजिनेशन' म्हणजे माझ्याच डोक्यातून निघालेलं, प्रत्यक्षात नसलेलं काहीतरी.

बी ३०४: लिफ्ट अडकते ते फिगमेंट नाही हं. काल मी आत होतो.

सी ५०१: आमच्या ऑफिसात एकजण 'पिगमेंट ऑफ इमॅजिनेशन' लिहितात. रंगीत कल्पना असतील 😄 पण मला विचाराल तर सरळ 'द सर्व्हिस इज नॉट सॅटिस्फॅक्टरी' लिहा. कशाला कसरत?

ए १०२: मलाही तेच बरं वाटतं. काम थोडं कमी पडलं असेल तर हा वाक्प्रचार भारी होतो. समोरच्याला चांगलं म्हणायची सोयच उरली नसेल, तेव्हाच वापरावा. आणि त्या वाक्याच्या आधी लिफ्ट ज्या ज्या दिवशी बंद पडली त्या तारखा हव्यात, नाहीतर नुसताच आव.

बी ३०४: सोय उरलेली नाही. ठेवा!

सेक्रेटरी: बरं, 'बाय नो स्ट्रेच'वालं घेतो, 'द'सकट. तारखा वर टाकतोय, वॉचमनकडून रजिस्टर मागवलंय.

डी २०३: आमच्या विंगची लिफ्टपण घाला त्यात.