वरवंट्यानेही दूध ‘प्यायले’, तरी आजींचे मत का बदलले नाही?

निवृत्त विज्ञान शिक्षक, शिवाजी पेठ

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते ही बातमी देशभर पसरली, तेव्हा कोल्हापुरातील आमच्या पेठेच्या देवळासमोरही वाट्या घेऊन माणसे रांगेत उभी राहिली होती. मी तेव्हा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. संध्याकाळी शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात मी त्यांचाच वरवंटा पाट्यावर उभा केला, दुधाने काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवला आणि चमच्यातील दूध कमी होताना त्यांना दाखवले. पृष्ठताणामुळे दूध दगडाला चिकटते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे त्यांनी पाट्यावर साचलेल्या दुधात बोट बुडवून स्वतः पाहिले. मग त्या म्हणाल्या, ‘‘दूध कुठे जाते ते कळले, बाळ. पण मी ते द्यायला गेले होते, त्याने प्यायले की नाही हे तपासायला गेले नव्हते.’’

मी नास्तिक आहे, आणि ते वाक्य मला आजही अस्वस्थ करते. आजींनी पुरावा नाकारला नाही, तो समजूनही घेतला, आणि त्यांचे मत जिथे होते तिथेच राहिले.

याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवण्यात आल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, एवढेच विचारले गेले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांचे सरासरी यश ४६ टक्के आले, म्हणजे नाणेफेकीइतकेही नाही. तरीही लग्न ठरवताना पत्रिका पाहण्याची पद्धत माझ्या नात्यातल्या एकाही घरात थांबली नाही. त्यामुळे मला वाटते की पुराव्याने मत तेव्हाच बदलते, जेव्हा ते मुळात पुराव्यावर उभे असते आणि काय घडले तर आपण ते सोडू, हे माणसाने आधीच सांगून ठेवलेले असते. भाविक हे सांगायला तयार होत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

संस्कृतच्या शिक्षिका, गंगावेस

सर, आपल्या आजींचे वाक्य मला पूर्ण पटते, मात्र त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष पटत नाही. भाविक पुरावा मानत नाहीत, हे निदान या शहराबाबत खरे नाही. पंचगंगेचे पाणी दूषित होते हे दिसू लागल्यावर, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आल्यावर तर अधिकच, नदीविषयीचे बोलणे येथे बदलले. आज असंख्य कुटुंबे गणपतीचे विसर्जन नदीत न करता कुंडात किंवा इराणी खण या जुन्या दगडखाणीत करतात, कित्येक जण मूर्ती दान करतात आणि निर्माल्य वेगळे देतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा विधी पुराव्यामुळे बदलला. अंबाबाईच्या मूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून संवर्धन झाले. मूर्ती दगडाची आहे आणि दगड झिजतो, हे मान्य असल्याशिवाय कोणी असे करील का?

प्रश्न प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचे साधन, कशाला म्हणायचे, हा आहे. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) आणि शब्द (विश्वसनीय वचन) अशी चार प्रमाणे मानते, तर जडवादी चार्वाक केवळ प्रत्यक्ष मानतो. ज्यांची प्रमाणेच वेगळी आहेत, त्यांच्यापुढे एकाच पक्षाचा पुरावा ठेवून ‘बघा, यांचे मन बदलत नाही’ असे म्हणणे न्याय्य नाही. 

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

मॅडम, आपलीच उदाहरणे सरांचे म्हणणे सिद्ध करतात. विसर्जनाची जागा बदलली, पण देव आहे हे विधान तपासणीसाठी कोणी पुढे ठेवले नाही. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव पाहा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचावीत, अशी मंदिराची रचना आहे. किरणे मुखापर्यंत पोहोचली की आपण देवीची कृपा म्हणतो आणि पोहोचली नाहीत की धुके, हवेतील धूळ आणि वाटेतल्या इमारती यांची कारणे देतो. दुसरे स्पष्टीकरण पूर्णपणे योग्य आहे, पण मग किरणे पोहोचतात तेव्हाही भूमितीच का पुरेशी होत नाही? ज्या श्रद्धेच्या विरुद्ध कोणतीच घटना जाऊ शकत नाही, तिला पुरावा आहे असेही म्हणता येत नाही.

एक वाचक, कसबा बावडा

आईच्या आजारपणात मी आणि माझ्या भावाने जोतिबाला नवस केला होता. आई वाचली नाही. त्या दिवसापासून माझा देवावरचा विश्वास गेला. भाऊ मात्र तेव्हापासून दर चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या डोंगरावर चालत जातो, कारण शेवटचे तीन दिवस तिला वेदना झाल्या नाहीत, हे त्याच्या दृष्टीने देवाने दिलेले उत्तर होते. रुग्णालयाचे कागद दोघांनी एकाच टेबलावर वाचले होते. आमच्यापैकी कोणाचे मन पुराव्याने बदलले, हे मला आजही सांगता येत नाही.

संस्कृतच्या शिक्षिका, गंगावेस

किरणे हा देवीच्या अस्तित्वाचा पुरावा आहे, असे मी कधीच म्हटले नाही. मी तिथे दर्शनाला जाते. आता मी नास्तिकांना प्रश्न विचारते, आणि सरांनी घेतलेले नावच पुन्हा घेते. नारळीकरांविषयी मला अतिशय आदर आहे. विश्वाला आरंभ नाही, ते स्थिर स्थितीत आहे हा सिद्धांत १९४८ साली मांडला गेला. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण, म्हणजे आकाशात सर्व दिशांनी येणारे क्षीण प्रारण, सापडल्यावर बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारला. नारळीकरांनी मात्र हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. पत्रिकेबाबत पुरावा पुरेसा मानणारे तेच बुद्धिमान मन विश्वाबाबत तो पुरेसा मानत नव्हते. यात मला दोष दिसत नाही. पण मग भाविकांकडूनच वेगळी अपेक्षा का? सर, काय घडले तर आपण देव मानाल, हे आपण आधी सांगावे.

निवृत्त विज्ञान शिक्षक, शिवाजी पेठ

ताई, प्रश्न रास्त आहे. नारळीकरांबाबत एवढेच म्हणतो की त्यांनी सुधारित सिद्धांतातून निरीक्षणाने खोटी ठरू शकतील अशी अनुमाने मांडली आणि प्रारणाचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी टाळली नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता माझ्याबद्दल. २००८ सारखी चाचणी तटस्थ माणसांनी पुनःपुन्हा घेतली आणि चाळीसपैकी पस्तीस कुंडल्या सातत्याने बरोबर आल्या, तर मी फलज्योतिष मानेन, हे आज लिहून देतो. देवाबाबत मी दोन दिवस विचार केला. आकाशात मराठीत अक्षरे उमटली, तरी मी आधी भ्रम, मग फसवणूक आणि शेवटी अज्ञात निसर्गनियम अशी कारणे शोधेन, आणि ‘अज्ञात निसर्गनियम’ या उत्तरावर कायमचा थांबेन. म्हणजे जी अट मी भाविकांना घातली, ती मलाही पाळता येत नाही. माझ्या मूळ लेखनातील शेवटचे वाक्य मी मागे घेतो.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, राजारामपुरी

सर, ते वाक्य मागे घेताना एक गोष्ट सुटू देऊ नका. देवाबद्दलचा वाद सुटणार नसेल तर न सुटो, पण साप चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न्यायचे की प्रतिविषाच्या इंजेक्शनासाठी रुग्णालयात, हा वाद पुराव्याने सुटतो आणि सुटलाच पाहिजे. दाभोलकरांची हत्या ऑगस्ट २०१३ मध्ये झाली आणि जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. गोविंद पानसरे यांच्यावर तर फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. पुराव्याने मन बदलत नाही, असे आपणच म्हणू लागलो, तर वरवंटा घेऊन शेजारच्या घरी कोण जाणार?

संस्कृतच्या शिक्षिका, गंगावेस

सर्पदंशाबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे आणि माझ्या वर्गात हेच सांगते. सरांनी त्या संध्याकाळी वरवंटा नेला, हेही योग्यच झाले, कारण दूध कुठे जाते हे आजींना कळायला हवे होते, आणि ते त्यांना कळले.