सालभराची खबरबात नातलगांना कशी कळवता? – अनुभव धागा

शेत सामाईक, गावात एक भाऊ, बाकीचे नागपूर-पुण्याला, बहिणी आपापल्या सासरी. पीक, दवाखाना, लग्न, मयत, कर्ज असं सालभरात जे काही झालं ते कुणाला, कधी आणि कशा रूपात कळवायचं, यावर जाणत्यांनी लिहावं. स्वतःच्या कहाण्या नकोत. आकडे, कागद, क्रम आणि गाडं कुठे अडतं ते सांगा. पिकाप्रमाणे रीत बदलते म्हणून तालुका लिहा.

दारव्हा

कापूस-तुरीच्या घरानं दिवाळीला हिशेब सांगू नये. तोवर कापसाचा एखादा वेचा (वेचणीची एक फेरी) झालेला असतो आणि तूर फुलावर असते. शहरातली मंडळी त्या एका वेच्यावरून अख्खं साल मोजतात, मग फेब्रुवारीत "दिवाळीत तर चांगलं म्हणत होतास" हे ठरलेलंच. दिवाळीला घरची खुशाली, झाडाला बोंडं कशी, एवढं बस. पुरा हिशेब गुढीपाडव्याच्या आसपास. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) साल पाडव्याला बदलतं, खरिपाचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं आणि तोवर तूरही बहुधा विकलेली असते.

कापूस वेच्यानिशी लिहावा: क्विंटल, वेचणीचा दर, विक्रीचा दर. दहा रुपये किलोनं वेचणी धरली तर क्विंटलमागे हजार रुपये धुऱ्यावरच गेले. तिसऱ्या वेच्याला बोंड बारकं, कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) जास्त, बाईच्या हाती दिवसाला माल कमी येतो. म्हणून वेचणी महाग आणि बाजारात भाव उतरलेला. हे दोन्ही एकदम होतं हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. सरासरी काढून एकच आकडा दिला की तो खोटा वाटतो.

दुसरं म्हणजे हमीभाव. नातेवाईक पेपरातला भाव गुणिले क्विंटल करून बसतात. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) माल घेत नाही. म्हणजे १२ टक्क्यांवर मोजला तर ७,७८५ रुपये ६० पैसे. खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला दिला तर त्याहून खाली. काटापट्टीचा फोटो हिशेबासोबत जोडावा. पट्टीवर वजन, दर, तारीख तिन्ही असतात, वाद तिथंच मिटतो.

आर्वी

दारव्हेवाल्या भाऊंच्या लिहिण्यात एक भर. सीसीआयचे पैसे आधार जोडलेल्या एकाच खात्यात येतात. सातबाऱ्यावर चार नावं असली तरी रक्कम दिसते एकाच्या पासबुकात. म्हणून "अमक्याच्या खात्यात, अमक्या तारखेला, इतके" हे त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचं, पाडव्यापर्यंत थांबायचं नाही. पैसा जमा झाल्यावर महिनाभरानं सांगितलेला आकडा खरा असला तरी संशय घेऊनच येतो.

सामाईक खात्याचं दुसरं दुखणं संमतीपत्राचं. अनुदान असो की कर्ज, बाकीच्या खातेदारांची सही मागतात. पुण्याच्या भावाची सही आणायला पंधरा दिवस जातात, यादी पुढं निघून जाते. शेतकरी ओळख क्रमांकही प्रत्येक खातेदाराचा वेगळा. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल त्याच्याजवळच असतो, ओटीपी गावात बसून मिळत नाही. वर्षाच्या पत्रात शेवटी "तुमच्याकडून बाकी काय" असा एक परिच्छेद ठेवा: कुणाची सही, कुणाचा क्रमांक, कोणत्या तारखेच्या आत.

मंगरूळपीर

सोयाबीन कट्ट्यात सांगू नये, क्विंटलमध्येच सांगावं. कट्टा कुणाचा ५० किलोचा, कुणाचा ६० चा. शिवाय मळणीच्या दिवशीचं वजन आणि विक्रीचं वजन एक नसतं. १६ टक्के ओलाव्याचे १०० किलो १२ टक्क्यांपर्यंत वाळवले की साडेपंचाण्णव किलोच्या आतबाहेर उरतात. खळ्यावर २० क्विंटल म्हटलं आणि बाजारात १९ भरलं, तर मधला क्विंटल कुठं गेला हे विचारणारे काकाजी प्रत्येक घरात असतात. दोन्ही वजनं द्या, सोबत ओलावा लिहा.

विम्याबद्दल. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, कापसाला ५ टक्क्यांपर्यंत भरावे लागतात, तर तो खर्च म्हणून मांडा. आणि भरपाई महसूल मंडळातल्या (आसपासच्या गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरते. आपल्या वावरात पाणी साचलं पण मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं निघालं तर हाती काही नाही. म्हणून पुराचे फोटो पाठवताना खाली "विमा मिळेल" असं लिहू नये. समोरचा ती रक्कम आलेलीच धरतो.

मूल

आमच्याकडं धान. इथं पैशाचा हिशेब नंतर, आधी वाटा तांदळाचा. बांधीतून (धानाच्या वावरातून) दहा क्विंटल धान निघालं म्हणजे दहा क्विंटल तांदूळ नव्हे. गिरणीतून क्विंटलमागे ६० ते ६५ किलो हाती येतो, बाकी कनकी (तुकडा तांदूळ), कोंडा, तूस. हे एकदा लिहून दिलं की दरवर्षीचा प्रश्न संपतो. नव्या तांदळाचा भात गिचका होतो. शहरातल्या वहिनींना "पाणी कमी घाला, नाहीतर सहा महिने मुरू द्या" हे पोत्यावरच चिठ्ठीनं कळवावं. नाहीतर तक्रार तांदळाची आणि राग भावाचा.

रोवणा (धानाची लावणी) लांबला की तेव्हाच सांगावं. पऱ्हे (रोपं) म्हातारे झाल्यावर रोवले तर फुटवे कमी येतात, उतारा घटतो. ऑगस्टात माहीत असलेली गोष्ट डिसेंबरात सांगितली तर ती सबब वाटते.

काटोल

संत्र्यात बगीचा झाडावरच विकला जातो. सौदा सांगू नका, हातात आलेली रक्कम सांगा. इसार मिळतो, मग फळगळ होते, मग व्यापारी भाव पाडतो किंवा तोड लांबवतो. आंबिया आणि मृग हे संत्र्याचे दोन बहार वेगळे लिहा, दोन्ही एका सालात मिसळले की कळेनासं होतं.

चांदूर बाजार

अन् बाप्पा, कर्जाचा आकडा सगळ्यांच्या ग्रुपवर टाकू नये. जावाई, त्यायचे भाऊ, सगळे वाचतात. खातेदारांचा ग्रुप निराळा ठेवा, काऊन की सासरी बहिणीले टोमणे खावे लागतात.

दवाखान्याची खबर देताना हा क्रम: माणूस शुद्धीवर आहे की नाही, कुठल्या गावी कुठल्या वॉर्डात, सोबत कोण, आता येण्याची गरज आहे का, आणि पैसे लागत असतील तर नेमके किती. "तब्येत बरी नाही" एवढंच टाकलं की चाळीस फोन येतात आणि सोबतच्या माणसाचा मोबाईल बंद पडतो. फोन घेणारा एक ठरवा, तो दवाखान्यात थांबणारा नसावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत सोय आहे, पण योजनेत असलेल्याच दवाखान्यात. भरतीच्या वेळीच आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला) भेटून राशन कार्ड, आधार दाखवा. बिल भरून नंतर विचारलं तर उपयोग होत नाही. नातलगांकडून पैसे मागायच्या आधी हे पाहून घ्यावं, मग मागायचा आकडा कमी होऊ शकतो.

मयतीची खबर मेसेजवर नाही, फोनवर. आधी लेकीबाळी, त्यातही लांब दिलेली. गाडीला सहा तास लागणार असतील तर माती किती वाजता, हे तिला विचारून ठरवा.

उमरखेड

लग्नाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. दोन वह्या ठेवा. एक आहेराची: नाव, गाव, रोख किंवा कापड. दुसरी हातउसन्याची. मामाजींनी मांडवात दिलेले वीस हजार आहेर होता की उसने, हे त्याच आठवड्यात विचारून लिहावं. तीन वर्षांनी दोघांची आठवण जुळत नाही. उसने असतील तर परतीचा महिना लिहा. कापसाच्या घरात डिसेंबर-जानेवारी, धानाच्या घरात खरेदी केंद्राचे पैसे जमा झाल्यावर. "पीक निघाल्यावर" ही तारीख नव्हे.

दारव्हा

काटोलवाल्या भाऊंचं पटलं. आर्वीकर, तुमच्या "बाकी काय" मध्ये एक वाढवा: मागच्या सालची शिल्लक. गेल्या पाडव्याला कृषी केंद्राची उधारी किती होती, यंदा किती फेडली, नवी किती चढली. हे तीन आकडे नसले की चांगल्या पिकाच्या सालातही भावाच्या हाती काही का आलं नाही, हे कळत नाही. दुकानदाराकडून पाडव्याआधी खात्याचा उतारा सही करून घ्या, व्याज वेगळं काढायला सांगा. तो कुरकुर करतो, पण देतो.

मंगरूळपीर

म्हाताऱ्या मोठ्या बाबांना वाचता येत नसेल तर हेच सगळं बोलून पाठवा. दोन मिनिटांच्या वर नको, ते मधूनच बंद करतात. आधी माणसांचं, मग गुराढोरांचं, पैशाचं शेवटी. आणि बैल विकला असेल तर तो लपवू नका, पोळ्याला आले की दावणीकडं पहिली नजर त्यांचीच जाते.